शून्य आलं तर पेढे वाटा!

टी. ई. आयटीमधून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने एकदा तरी शेल स्क्रिप्टमध्ये ॲड्रेस बुक लिहिलेलं असतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ऑपरेटिंग सिस्टिम्स लॅबमधली ती अगदी सुरुवातीची असाइनमेंट. सहा पर्यायांचा मेनू असतो: ॲड्रेस बुक तयार करा, बघा, नोंद घाला, नोंद काढा, नोंद बदला, आणि सहावा एक्झिट. सीनियरकडून ज्युनियरकडे ही स्क्रिप्ट मेसमधल्या वाटीसारखी फिरत असते. मूळ कोणाची ते कोणालाच माहीत नाही. तिच्या पाठोपाठ येते फोर्क, एक्झेकव्हीई आणि वेट या सिस्टिम कॉल्सची असाइनमेंट. तिथे झोंबी आणि ऑर्फन प्रोसेस करून दाखवायची. आपण 'पीएस' मारतो, 'डिफंक्ट' हा शब्द पडद्यावर आला की सरांना बोलावतो, सही घेतो आणि चहाला पळतो.

माझं म्हणणं असं, की या दोन असाइनमेंट मुळात एकच आहेत, आणि त्या वेगवेगळ्या शिकवल्यामुळे आपण एक महत्त्वाची गोष्ट न शिकताच पास होतो. एका स्क्रिप्टने दुसरीला बोलावलं, तर दुसरी कशी संपली हे पहिलीला कळतं कसं? आणि कळल्यावर तिने काय करायचं? हा प्रश्न आपल्या जर्नलमध्ये कुठेच नाही. मेनूतला सहावा पर्याय तेवढा आहे, आणि तोही बिचारा 'थँक यू' म्हणून गप्प बसतो.

(मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी पान उलटू नये. रात्रभर सिम्युलेशन लावून झोपणारे तुम्हीच जास्त आहात, तेव्हा हे तुमच्याही कामाचं आहे.)

आधी आत काय चालतं ते बघू. आपण स्क्रिप्टमध्ये दुसऱ्या स्क्रिप्टचं नाव लिहितो तेव्हा शेल फोर्क करून स्वतःची एक प्रत काढतं. ती प्रत एक्झेकव्हीई करून दुसरी स्क्रिप्ट चालवायला घेते, आणि मूळ शेल वेट करत बसतं. म्हणजे दुसरी असाइनमेंट जशीच्या तशी! मुलगी प्रोसेस संपताना एक छोटासा आकडा मागे ठेवते, ० ते २५५ मधला. हाच एक्झिट स्टेटस. आई प्रोसेसने वेट केलं की तो तिच्या हातात पडतो आणि शेलमध्ये आपल्याला तो $? या चिन्हाने वाचता येतो. आपण ज्या झोंबीची एवढी गंमत करतो, ती झोंबी तरी काय असते? मेलेली प्रोसेस, जिचा आकडा आईने अजून उचललेला नाही. मेमरी परत गेली, फाइली बंद झाल्या, पण कर्नल प्रोसेस टेबलातली तिची नोंद पुसत नाही, कारण आईने विचारलं तर 'कशी गेली' हे सांगता आलं पाहिजे. कर्नल त्या एका आकड्यासाठी एवढा थांबतो आणि आपण तो वाचतही नाही.

यात शून्य म्हणजे यश आणि बाकी सगळे आकडे म्हणजे काहीतरी वेगळं घडलं. शून्य म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, त्यामुळे सुरुवातीला हे उलटं वाटतं. पण विचार केला तर बरोबर आहे. पास एकाच प्रकारे होता येतं, नापास व्हायची कारणं हजार. १२७ म्हणजे त्या नावाची कमांड सापडलीच नाही. १२६ म्हणजे सापडली, पण चालवायची परवानगी नाही. १२८ च्या पुढचे आकडे सहसा सिग्नलने मेल्याचे: १३० म्हणजे कोणीतरी कंट्रोल-सी दाबलं (सिग्नल २), १३७ म्हणजे किल मायनस नाइन, आणि हा १३७ दिसला की आधी मेमरी संपून कर्नलनेच मारलं का ते बघावं. १३९ तर सगळ्यांच्या ओळखीचा, सेगमेंटेशन फॉल्ट. पहिल्या वर्षापासून सी प्रोग्रामच्या शेवटी आपण 'रिटर्न झिरो' लिहितो. कोणाला रिटर्न? असं तोंडी परीक्षेत विचारा बरं कोणाला. बहुतेक जण 'कंपायलरला' म्हणतील.

घरून निघताना आई सांगते, पोहोचलास की मिस्ड कॉल दे. आता मिस्ड कॉलची जागा व्हॉट्सॲपने घेतली, पण करार तोच आहे. स्वारगेटला उतरल्यावर द्यायचा निरोप एखादा पठ्ठ्या खंबाटकी घाटातच देऊन टाकतो आणि झोपतो. पुढे गाडी बंद पडली तरी घरचे निवांत. आपल्या निम्म्या स्क्रिप्ट या पठ्ठ्यासारख्या आहेत. शेवटच्या ओळीत एको करून 'सक्सेसफुली डन' छापायचं, मग वरती काहीही होवो. आणि गंमत अशी, की एको हीसुद्धा एक कमांडच. ती जवळजवळ नेहमी यशस्वी होते. स्क्रिप्टने स्वतः एक्झिटला आकडा दिला नाही तर तिचा स्टेटस म्हणजे शेवटच्या कमांडचा स्टेटस. म्हणजे 'डन' छापणारी स्क्रिप्ट नुसती माणसाला खोटं सांगत नाही, तिला बोलावणाऱ्या स्क्रिप्टलाही खोटं सांगते. पडद्यावरचं खोटं निदान जागा असलेला माणूस पकडू शकतो. पण रात्री अडीच वाजता क्रॉनने चालवलेल्या स्क्रिप्टपुढे कोण बसलेलं असतं?

माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला याची किंमत मोजावी लागली. कुठल्या कॉलेजचा सर्व्हर ते सांगत नाही. प्रोजेक्टचं काम त्या सर्व्हरवर होतं आणि रोज रात्री त्याचा बॅकअप होतो असं सगळ्यांना माहीत होतं. मुख्य स्क्रिप्ट तीन स्क्रिप्ट बोलवायची: एक डेटाबेस उतरवायची, दुसरी टार करायची, तिसरी दुसऱ्या मशीनवर पाठवायची. मध्ये कधीतरी डिस्क भरली. पहिली स्क्रिप्ट अर्धवट मेली, दुसरीने त्या अर्धवट फाइलचं इमाने-इतबारे टार केलं, तिसरीने ते पाठवलं आणि लॉगमध्ये ओळ पडली: बॅकअप पूर्ण. रोज! पुढे सबमिशनच्या तोंडावर मूळ डिस्क गेली तेव्हा लॉग बघून सगळे निर्धास्त होते. फाइली उघडल्यावर कळलं. ग्रुपमधल्या चौघांनी तीन आठवड्यांचं काम पुन्हा केलं, आणि त्यातल्या एकाची त्याच काळात मुलाखत होती, तिची तयारी राहून गेली. वाईट याचं वाटतं की पहिल्या स्क्रिप्टने त्या रात्री १ हा आकडा बरोबर दिला होता. ती ओरडून सांगत होती. पण आईने वेट केलं, आकडा घेतला आणि न बघता पुढच्या ओळीवर गेली.

असं फक्त कॉलेजात घडतं असं समजू नका. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत चुकून चालू डेटाबेसची डिरेक्टरी उडवली गेली. बॅकअपकडे धाव घेतली तर ते नव्हतेच. डेटाबेसची आवृत्ती ९.६ आणि बॅकअप घेणारा पीजी-डंप ९.२ चा, त्यामुळे तो प्रत्येक वेळी एरर देऊन बंद पडत होता. क्रॉन नापास झाल्याची मेल पाठवत होता, पण त्या मेलवर सही नसल्यामुळे समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. त्यांनी हे सगळं उघडपणे लिहून जाहीर केलं, याबद्दल मात्र त्यांना मानलं पाहिजे.

आता ॲड्रेस बुककडे परत येऊ, कारण सगळा धडा त्यात आहे. 'नोंद काढा' हा पर्याय बहुतेक जण असा लिहितात: ग्रेप मायनस व्ही देऊन ते नाव सोडून बाकीच्या ओळी टेम्प नावाच्या फाइलमध्ये घ्यायच्या, आणि मग एमव्ही करून टेम्प मूळ फाइलवर टाकायची. दोन कमांडच्या मध्ये अर्धविराम. दिसायला निर्दोष. पण डिस्क भरलेली असेल तर? ग्रेपला टेम्पमध्ये लिहिता येत नाही, तो २ देऊन मरतो. एमव्हीला मात्र त्याच डिस्कवर नुसतं नाव बदलायचं असल्यामुळे जागा लागतच नाही. तो रिकामी टेम्प उचलून मूळ ॲड्रेस बुकवर टाकतो. एक नाव काढायला गेलो, सगळा गाव गेला.

हुशार मुलगा म्हणेल, अर्धविराम काढा, && टाका; म्हणजे ग्रेप यशस्वी झाला तरच एमव्ही. ठीक. आता ॲड्रेस बुकमध्ये एकच नोंद ठेवा आणि ती काढून बघा. निघत नाही! कारण ग्रेपच्या भाषेत ० म्हणजे 'ओळी मिळाल्या', १ म्हणजे 'एकही मिळाली नाही', आणि २ म्हणजे खरी गडबड. एकुलती एक नोंद वगळल्यावर छापायला काही उरत नाही, ग्रेप प्रामाणिकपणे १ देतो, && तिथेच थांबतं आणि ती शेवटची नोंद अमर होते. उत्तर असं, की ग्रेप संपल्या संपल्या आकडा एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. ० किंवा १ असेल तर एमव्ही करायचं. त्याहून मोठा असेल तर टेम्प पुसून, एरर स्टँडर्ड एररवर छापून, आपणही शून्य नसलेला आकडा देऊन बाहेर पडायचं. चार ओळींचं काम. पण त्या चार ओळी लिहिणाऱ्याला कळलेलं असतं की 'शून्य नाही म्हणजे चूक' हे अर्धसत्य आहे, आणि कोणता आकडा म्हणजे काय हे त्या त्या कमांडच्या मॅन पेजमध्ये बघावं लागतं. डिफचंही तसंच: फाइली वेगळ्या असल्या तर १, ती चूक नव्हे. आरसिंक २४ देतो तेव्हा पाठवता पाठवता काही फाइली जागेवरून नाहीशा झालेल्या असतात, आणि चालू सर्व्हरवर ते कधीकधी साहजिक आहे.

'संपल्या संपल्या' हा शब्द मुद्दाम वापरला. $? ची आठवण एकाच कमांडपुरती असते. मध्ये एको घातला की आधीचा आकडा गेला, आता तुम्ही एकोचा स्टेटस तपासताय. हे मी इतक्या जर्नलमध्ये पाहिलंय की त्यावर वेगळं प्रदर्शन भरवता येईल.

बोलावण्याच्या पद्धतीवरही बरंच काही अवलंबून आहे. नुसतं नाव देऊन किंवा 'बॅश' लावून बोलावली तर दुसरी स्क्रिप्ट वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते. तिने केलेलं सीडी, तिने दिलेल्या व्हेरिएबल्सच्या किमती, सगळं तिच्याबरोबर जातं. परत येतो तो फक्त आकडा. तिच्यातलं एक्झिट तिलाच संपवतं. 'सोर्स' म्हणून (किंवा नुसता ठिपका देऊन) बोलावली तर मात्र फोर्क होतच नाही, तिच्या ओळी आपल्याच शेलमध्ये चालतात. व्हेरिएबल्स आपल्याला मिळतात, पण तिच्यात कुठे एक्झिट असेल तर तो आपल्याला घेऊन बुडतो. टर्मिनलवर सोर्स केलेल्या फाइलमध्ये एक्झिट होतं आणि खिडकीच बंद झाली, हा अनुभव लॅबमध्ये कोणाला ना कोणाला दर सत्रात येतो. सोर्स होणाऱ्या फाइलमध्ये एक्झिटऐवजी रिटर्न लिहायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. तिसरी पद्धत 'एक्झेक'. तिथे आपण आपली खुर्ची दुसऱ्याला देऊन टाकतो, पुढच्या ओळी चालायचा प्रश्नच नाही. आणि शेवटी '&' लावून मागे सोडली, तर लगेच शून्य मिळतं, पण ते 'काम झालं' याचं नसून 'काम सुरू केलं' याचं. खरा आकडा हवा असेल तर तिचा पीआयडी ठेवून नंतर वेट करावं लागतं. पुन्हा दुसरी असाइनमेंट!

पाइपचा घोळ याहून छुपा आहे. आउटपुट पडद्यावरही दिसावं आणि लॉगमध्येही जावं म्हणून आपण स्क्रिप्टच्या पुढे पाइप देऊन 'टी' लावतो. आता स्टेटस मिळतो तो पाइपमधल्या शेवटच्याचा, म्हणजे टीचा. आणि टीला काय, आलेलं लिहिलं की त्याचं काम झालं. मागे स्क्रिप्ट १३७ ने मेली तरी पुढे शून्य. यावर 'पाइपफेल' हा पर्याय आहे. बॅशमध्ये तो २००४ च्या ३.० आवृत्तीपासून आहे आणि पॉसिक्स प्रमाणकात तो यायला २०२४ उजाडलं.

इथे कोणीतरी म्हणेलच, एवढं कशाला, वरती 'सेट मायनस ई' टाका, पहिल्या चुकीला स्क्रिप्ट आपोआप थांबेल. मी हे टाकतो, पण त्याला ताईत समजणाऱ्यांशी माझं भांडण आहे. एक तर तो बोलावलेल्या स्क्रिप्टला आपोआप लागू होत नाही, तिच्यात तिचा वेगळा लिहावा लागतो. दुसरं म्हणजे एखादं फंक्शन किंवा सोर्स केलेली फाइल इफच्या अटीत किंवा && च्या डावीकडे आली, की तिच्या आतल्या सगळ्या ओळींसाठी हा पहारेकरी झोपी जातो. तिसरं, फंक्शनमध्ये 'लोकल' म्हणून त्याच ओळीत कमांडचं आउटपुट व्हेरिएबलमध्ये घेतलं, तर स्टेटस लोकलचा मिळतो, कमांडचा नाही. आणि वरचा ग्रेप आठवा: तो निरागसपणे १ देईल आणि सेट मायनस ई त्या क्षणी स्क्रिप्ट मारून टाकेल. म्हणून माझं मत, जिथे डेटा पुसला जातो किंवा बदलला जातो तिथे प्रत्येक ठिकाणी हाताने तपासावं. बाकी ठिकाणी ताईत चालेल.

पुसण्याचं म्हणाल तर स्टीम या गेम्सच्या प्रोग्रामचं लिनक्सवरचं प्रकरण हॉस्टेलमधल्या गेमर मंडळींना माहीत असायला हवं. जानेवारी २०१५ मध्ये लक्षात आलं की त्याच्या स्क्रिप्टमध्ये सीडी करून आपला फोल्डर शोधायचा आणि मग त्याच्या आतलं सगळं आरएम मायनस आरएफ करायचं, अशी एक जागा होती. सीडी फसलं तर व्हेरिएबल रिकामं राहायचं, आणि मग उरायचा नुसता स्लॅश आणि तारा. म्हणजे रूटपासून जे जे पुसायची परवानगी आहे ते ते, अगदी जोडलेल्या बाहेरच्या डिस्कसकट. त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने 'भीतिदायक' अशा अर्थाची कॉमेंट टाकून ठेवली होती! भीती वाटली, पण सीडीचा आकडा तपासला नाही. क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१ मध्ये महासंगणकावरच्या साधारण ७७ टेराबाइट, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली अशाच बॅकअप स्क्रिप्टमुळे गेल्या. तिथे स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्यावर नवी आवृत्ती टाकली गेली. बॅश फाइल थोडी थोडी वाचत चालतो, त्यामुळे मधूनच नवी स्क्रिप्ट सुरू झाली, व्हेरिएबल रिकामी, आणि जुने लॉग पुसणारी कमांड भलतीकडे चालली. न भरलेलं व्हेरिएबल दिसलं तर थांब, असं सांगणारा 'सेट मायनस यू' अशा वेळी कामाचा.

महासंगणक म्हटलं की पुणेकराची मान जरा ताठ होते. १९८८ मध्ये सी-डॅक पुण्यात सुरू झालं, १९९१ मध्ये परम ८००० आला. पाषाणला आयसरमध्ये २०१९ साली परम ब्रह्म बसवला, तेव्हा तो ७९७ टेराफ्लॉप्सचा होता. अशा मशीनवर काम टाकायचं म्हणजे शेल स्क्रिप्टच लिहायची आणि ती स्लर्म नावाच्या शेड्यूलरकडे द्यायची. स्लर्म तुमची स्क्रिप्ट चालवतो आणि शेवटी तिचा एक्झिट स्टेटस बघून त्या कामापुढे 'कम्प्लीटेड' किंवा 'फेल्ड' लिहितो. पहिलं काम यशस्वी झालं तरच दुसरं सुरू कर, असंही त्याला 'आफ्टर-ओके' म्हणून सांगता येतं. आता आपली सवय घेऊन तिथे गेलेल्या मुलाची स्क्रिप्ट डोळ्यांपुढे आणा. मधला सॉल्व्हर अर्ध्यातच मेला, पण शेवटच्या ओळीत 'जॉब डन' असा एको आहे. स्लर्म लिहितो कम्प्लीटेड, दुसरं काम सुटतं, आणि अर्धवट फाइल खाऊन कित्येक कोअर रात्रभर फुकट तापतात. रांगेत थांबलेल्या दुसऱ्या कोणाचा तरी तो वेळ असतो.

जीएमआरटीचंही तसंच. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला आपल्यातले बरेच जण नारायणगावजवळ खोडदला जाऊन त्या ४५ मीटर व्यासाच्या ३० दुर्बिणी बघून येतात, फोटो काढतात. पण निरीक्षणानंतरची माहिती ज्या स्वरूपात मिळते तिच्यावर आधी 'लिस्टस्कॅन' चालवायचा, त्याने बनवलेली लॉग फाइल 'जीव्हीफिट्स'ला द्यायची, मग फिट्स फाइल तयार होते, हे फार जण विचारत नाहीत. दहा-वीस फाइली असल्या की कोणीही हे स्क्रिप्टमध्ये बांधणारच. पहिली पायरी फसली आणि फोल्डरमध्ये मागच्या वेळची लॉग फाइल पडलेली असली, तर तिचा आकडा न बघणारी स्क्रिप्ट पुढे काय करील ते वेगळं सांगायला नको. दुर्बिणीचा वेळ प्रस्ताव लिहून, मंजूर करून घेऊन मिळतो. तो असा गमावायचा?

काही सर म्हणतात, शेल आता कोण लिहितं, सगळं पायथनमध्ये आहे. पायथनमधून सबप्रोसेस-रनने बाहेरची कमांड चालवली आणि 'चेक' हा पर्याय 'ट्रू' दिला नाही, तर पायथनही तो आकडा तसाच गिळून पुढे जातो. जेनकिन्स, डॉकर, मेक, सगळे शेवटी तोच आकडा वाचतात. करार शेलचा नाही, युनिक्सचा आहे.

आकड्याची मर्यादाही माहीत हवी, नाहीतर नको तितकी हुशारी अंगाशी येते. किती चुका झाल्या तो आकडाच एक्झिटला द्यायचा, अशी कल्पना एकाने काढली होती. कल्पना छान आहे. पण वर फक्त आठ बिट पोहोचतात. त्यामुळे २५५ चुकांपर्यंत नापास आणि बरोबर २५६ चुका झाल्या की शून्य, म्हणजे पहिल्या वर्गात पास.

आता मागणी. ती ऑपरेटिंग सिस्टिम्स घेणाऱ्या आमच्या सरांना आणि मॅडमना आहे, आणि त्यासाठी विद्यापीठाचा सिलॅबस बदलायची गरज नाही. ॲड्रेस बुकचा प्रत्येक पर्याय वेगळ्या स्क्रिप्टमध्ये लिहायला लावा. मेनूची स्क्रिप्ट त्यांना बोलवेल आणि त्यांच्या आकड्यावरून काय झालं ते सांगेल: नोंद नव्हती, फाइल लिहिता आली नाही, सगळं ठीक. तोंडी परीक्षेच्या वेळी आउटपुट बघू नका, ते सगळ्यांचं सारखंच असतं. त्याऐवजी 'नोंद काढा' या स्क्रिप्टचं नाव बदला आणि मुलाला तोच पर्याय निवडायला सांगा. मेनूला १२७ कळतो का? मग चालवायची परवानगी काढून घ्या. मग ॲड्रेस बुक फक्त वाचता येईल अशी करा आणि नोंद घालायला लावा. (मुलगा रूट म्हणून लॉगिन असेल तर फक्त वाचता येण्याचा हा खेळ चालणार नाही. आपल्या लॅबमध्ये तो बहुधा असतोच, तो आणखी एक वेगळा विषय.) मग एकच नोंद ठेवून ती काढायला सांगा. शेवटी मधेच कंट्रोल-सी दाबा आणि टेम्प फाइल मागे राहिली का ते बघा. राहिली असेल तर 'ट्रॅप' लावून बाहेर पडताना साफसफाई कशी करायची, आणि त्या साफसफाईत मूळ आकडा कसा जपायचा, हे तिथेच दोन वाक्यांत शिकवता येईल. बॅचमध्ये वीस-बावीस जण असतात. प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी तासाभरात आटोपतं, आणि जर्नलची पानं मोजून सह्या करायला त्याहून जास्त वेळ जातो.